‘हे तुमचंच ना?’

(कन्हान येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कथा-कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत विचारतात, बसस्टँडवर विचारतात, सत्कार झाल्यावर हार गळ्यात असतानाच विचारतात : ‘हे तुमचंच ना?’ लेखक ‘नाही’ म्हणाला की विचारणारा मिस्कील हसतो. ‘हो’ म्हणाला तर त्याचा हिरमोड होतो. मग त्यात काय विशेष, घडलं ते लिहून टाकलं! म्हणजे उत्तर कुठलंही आलं तरी लेखकाची थोडी पत कमीच होते.

विद्यापीठात हा प्रश्न अडाणीपणाचा समजतात. लेखक वेगळा आणि कथेचा निवेदक वेगळा, हे आम्ही पोरांना पहिल्याच वर्षी शिकवतो. मीही शिकवलं. नियम बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नियम सांगून झाला की तास संपतो आणि प्रश्न तिथेच राहतो. वाचणाऱ्याला पानांमागे कुणीतरी आहे असं वाटतं, ते उगाच वाटत नाही. म्हणून आज मी त्या पंगतीतल्या माणसाची बाजू थोडी घेणार आहे. लेखक आपल्या कथेत येतो का? येतो. मात्र तो बहुधा ‘मी’च्या जागेवर बसलेला नसतो.

लांब कशाला जायचं? रामटेकची रेल्वे इथूनच फुटते. मराठी मुलखात लेखकाचा एक मोठा चिकाटीचा शोध त्याच रामटेकच्या गडावर घेतला गेला आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवर शिक्षा भोगतोय. एका वर्षाचा विरह, समोर आषाढातला ढग, आणि दूर अलकानगरीत बायको. हा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं म. म. वा. वि. मिराशींनी ठामपणे मांडलं. मल्लिनाथ हा जुना टीकाकार चित्रकूट म्हणतो, कुणी सरगुजाकडचा रामगड दाखवतात. मिराशींच्या हातात मात्र ताम्रपट होते. चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी दिलेला आहे. त्यातून त्यांनी पुढचं अनुमान बांधलं, की कालिदास वाकाटकांच्या दरबारी येऊन राहिला असावा आणि इथेच त्याला हे काव्य सुचलं असावं. ‘हे तुमचंच ना?’ हाच तो प्रश्न, फक्त ताम्रपट हातात घेऊन विचारलेला!

आता ‘मेघदूत’ उघडून पाहा. कवी आपल्या यक्षाला नावसुद्धा देत नाही. कुणी एक यक्ष, बस्स. सुरुवातीचे चार-पाच श्लोक कवी स्वतः बोलतो, आणि त्यात एक वाक्य असं टाकतो की माझ्या मते साऱ्या निवेदनशास्त्राचं मूळ तिथे आहे. धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा गोळा म्हणजे ढग. तो कुठला निरोप नेणार? पण प्रेमात पोळलेल्या माणसाला सजीव-निर्जीव कळत नाही. हे कवीला कळतं, यक्षाला कळत नाही. इथेच दोघे वेगळे झाले. यानंतर कवी बाजूला होतो आणि यक्ष शेवटपर्यंत बोलत राहतो.

तरी कवी एकदा सापडतोच. यक्ष ढगाला उत्तरेला पाठवतोय, बायको दिवस मोजतेय, आणि मध्येच हा त्याला सांगतो, वाट वाकडी होईल, तरी उज्जयिनीवरून जा. बरं, नुसता जाऊ नकोस. संध्याकाळच्या पूजेपर्यंत महाकालाच्या देवळाशी थांब, गर्जनेचा नगारा वाजव, रात्री जिथे पारवे झोपलेत अशा एखाद्या सज्जावर मुक्काम कर. निरोप्याला एवढी फुरसत कुठला विरही देईल? यक्षाला उज्जयिनीचं काही देणंघेणं नाही. तिथली ओढ कवीची. पुष्कळ अभ्यासकांनी हे ओळखलंय आणि मला ते पटतं. मिराशी कवीला यक्षाच्या डोंगरावर शोधत होते, आणि मला तर तो त्या आडवाटेला लागलेला दिसतो.

मिराशींचा अनादर करायचा नाही. रामटेक आपल्यालाही हवंच आहे.

लेखक आणि ‘मी’ यांचा हा गोंधळ आपल्याकडे पूर्वी इतका नव्हता, असं मला वाटतं. एकनाथांची भारुडं आठवा. त्यातला ‘मी’ कधी विंचू चावलेला असतो, कधी सासुरवाशीण, कधी जोशी, कधी वासुदेव, कधी आंधळा. बोलणारा पूर्ण त्या सोंगात शिरलेला असतो. सोंग संपत आलं की ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा येते, म्हणजे सोंगाच्या आत असलेला माणूस स्वतःचं नाव सांगून बाहेर पडतो. देवळात बसलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या बाईलासुद्धा हे कळत होतं. नाथांना खरोखर विंचू चावला होता का, असं तिनं कधी विचारलं नाही. तुकोबा तर आपल्याच अभंगात स्वतःला ‘तुका’ म्हणून तिसऱ्याच माणसासारखे बोलावतात. ‘मी’ म्हणजे सोंग आणि नाव म्हणजे कवी, हा आपल्या ऐकणाऱ्यांचा पाचशे वर्षांचा सराव.

छापखाना आला आणि ती मुद्रा सुटली. कादंबरीच्या शेवटी ‘हरि म्हणे’ असं लिहायची सोय राहिली नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापायला घेतली. सव्वीस वर्षांचा एक पुरुष, आणि कथा सांगतेय यमुना, स्वतःच्या तोंडानं. माहेर, सासर, वैधव्य, केशवपन. दर अंकाला वाचक यमूची वाट पाहत होते. इथे लेखक आणि ‘मी’ एक नाहीत हे लपणार नव्हतंच. मिशीवाल्या आपट्यांना कोण यमू समजणार? तरी त्या पुस्तकात हरिभाऊ आहेतच. यमूच्या हातात लेखणी देऊन ते तिचं ऐकत बसलेत. ही ऐकण्याची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

त्याआधी पु. ल. देशपांडे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ 1962 साली आलं. त्यातला नारायण, चितळे मास्तर, अंतू बर्वा, आणि आपल्या अभिमानाचा (की अपमानाचा? अजून ठरायचंय) भय्या नागपूरकर, हे खरे कोण, याचा शोध महाराष्ट्रानं साठ वर्षं चालवलाय. अमुक गावचे अमुक म्हणजेच ते, असं छातीठोक सांगणारे प्रत्येक जिल्ह्यात आहेत. पण ‘व्यक्ती आणि वल्ली’तला ‘मी’ खरा पु. ल. आहे का, हा प्रश्न कुणालाच पडत नाही. सगळे धरूनच चालतात. मग त्यांचं ‘गणगोत’ घ्या. त्यात रावसाहेब आहेत, ऋग्वेदी आजोबा आहेत, म्हणजे खरी, नावागावाची माणसं. दोन्ही पुस्तकांतला ‘मी’ मात्र अगदी सारखाच वागतो. हसतो तिथेच हसतो, गहिवरतो तिथेच गहिवरतो. खऱ्या माणसांसमोर जो ‘मी’ बसतो तोच कल्पनेतल्या माणसांसमोर बसतो. मग तो ‘मी’ तरी किती खरा? मला वाटतं, पु. लं.नी स्वतःचंच एक पात्र तयार केलं होतं, सोशिक, थोडं भिडस्त, समोरच्याला बोलू देणारं, आणि आयुष्यभर तेच वापरलं.

त्यांनी या सगळ्यावर टीपही लिहून ठेवली आहे. तिचं नाव सखाराम गटणे. हा मुलगा लेखकाची स्वाक्षरी घ्यायला येतो, छापील मराठीत बोलतो, आणि पुस्तकात लिहिलंय ते लेखक शब्दशः जगत असणार असं धरून चालतो. त्याच्यासमोर ‘मी’ची जी तारांबळ उडते ती वाचून आपण हसतो. पण ‘हे तुमचंच ना?’ असं विचारणारा माणूस पु. लं.नी कथेतच आणून बसवला, आणि आपल्याला हसवता हसवता त्याच्यावर मायाही केली. गटण्याला मूर्ख ठरवलं असतं तर ती गोष्ट दोन पानांत संपली असती.

‘कोसला’कडे आलो की आवाज चढतात, म्हणून जरा जपून बोलतो. भालचंद्र नेमाडे, जन्म 1938, गाव खानदेशातलं सांगवी. पुस्तक 1963. म्हणजे लिहिताना वय पंचविशीचं. पुस्तकाचा नायक पांडुरंग सांगवीकर, गाव सांगवी, वय पंचवीस, शिकायला पुण्याला. नेमाडेही पुण्याला. इतके पुरावे स्वतःच टेबलावर मांडून ठेवल्यावर वाचकानं दुसरं काय समजावं? पिढ्यान्‌पिढ्या होस्टेलच्या पोरांनी पांडुरंगाला नेमाडे समजून वाचलं आणि नेमाड्यांना पांडुरंग समजून पत्रं लिहिली असतील तर त्यात नवल नाही.

मला इथे दुसरीच गोष्ट रंजक वाटते. ‘कोसला’नंतर नेमाड्यांनी ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ लिहिल्या आणि त्यांत ‘मी’ टाकून दिला. तिथे चांगदेव पाटील आहे, आणि तो ‘तो’ आहे. इंग्रजीचा मास्तर, आज या गावच्या कॉलेजात, उद्या त्या गावच्या. नेमाडे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक. नगर, धुळे, औरंगाबाद अशा गावांत नोकऱ्या केलेले. म्हणजे ‘तो’ लिहिताना लेखकानं नोकरीचा तपशील जवळजवळ उचलून ठेवला, आणि ‘मी’ लिहिताना? ‘कोसला’त पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते. त्या प्रकरणात वाक्यं इतकी मोडून पडतात की वाचणाऱ्याला वाटतं, हे घडल्याशिवाय लिहिताच येणार नाही. पण तेच पुस्तक दुसरीकडे आपल्या वर्तमानाला हजार वर्षांनी उत्खनन करणाऱ्यांच्या थाटात बघतं, रोजनिशीची टिंगल करतं, इतिहासाच्या भाषेची नक्कल करतं. दुःखात बुडालेला ‘मी’ आणि त्याला लांबून न्याहाळणारा कुणीतरी, हे दोघे एकाच वेळी तिथे हजर आहेत. वकिलाला वकीलपत्र दिल्यावर अशील गप्प बसतो, पण बसतो कोर्टातच, मागच्या बाकावर. पांडुरंगाला वकीलपत्र देऊन नेमाडे तसे मागे बसले आहेत.

आणि मागच्या बाकावरची ही जागा एका मराठी लेखकानं उघडपणे दाखवली. 1978 साली ग्रंथालीनं ‘बलुतं’ काढलं. लेखक दया पवार. पण पुस्तकात बोलतो तो दगडू मारुती पवार. तो दया पवारांनाच भेटतो, त्यांच्याशी बोलत बोलत आपली कथा सांगतो, आणि दया पवार ऐकतात. दगडू आणि दया ही एकाच माणसाची नावं, हे वाचकाला पहिल्या काही पानांत कळतं. तरी ती दोन राहतात. धामणगावचा महारवाडा, मुंबईतला कावाखाना, आई, मेलेली ढोरं ओढणं, शाळा, नोकरी, लग्न, यातलं बहुतेक सगळं दगडूच्या तोंडचं. दया हा शिकलेला, कविता लिहिणारा, ‘कोंडवाडा’सारख्या संग्रहाचा कवी. दगडू त्याला सोडत नाही. आणि दयालाही त्याच्यापासून सुटायचं नसतं, सुटायचंही असतं.

पवारांना सरळ ‘मी’ लिहिता आलं असतं. प्र. ई. सोनकांबळे, शंकरराव खरात, बेबीताई कांबळे, शरणकुमार लिंबाळे यांनी ते आपापल्या रीतीनं केलं आणि ताकदीनं केलं. मग पवारांनी दोन माणसं का केली? लाज वाटली म्हणून, असं काहीजण म्हणतात. मला ते खोटं वाटतं, कारण पुस्तकात लपवलेलं काहीच नाही. उलट इतकं उघड केलं की आपली उणीदुणी वेशीवर टांगली म्हणून समाजातलीच काही माणसं रागावली. मला वाटतं, पवारांची अडचण वेगळी होती. जे भोगलं ते दगडूनं. ते मराठीत कसं सांगायचं हे शिकलेला माणूस दया. जो भोगतो त्याला लिहिता येत नाही आणि लिहिता येऊ लागतं तेव्हा माणूस पुरता तोच राहिलेला नसतो. या दोघांना एकाच ‘मी’मध्ये कोंबणं पवारांना अप्रामाणिक वाटलं असावं. म्हणून त्यांनी दगडूला सांगायला बसवलं आणि स्वतः ऐकायला बसले.

ही युक्ती नवी नाही, हे सांगितलं की सभेत कुणी ना कुणी चमकतं. महाभारताचा कर्ता व्यास. तो स्वतः त्या कथेतला माणूस. धृतराष्ट्र, पंडू आणि विदुर त्याचेच मुलगे. ‘मी’ म्हणून कथा सांगायचा हक्क जगात कुणाला असेल तर त्याला. पण जनमेजयाच्या सर्पसत्रात राजा जेव्हा त्याला म्हणतो, आमच्या पूर्वजांची हकीगत सांगा, तेव्हा व्यास आपल्या शिष्याला, वैशंपायनाला, सांगायला बसवतो. आणि आपण तिथेच बसून राहतो. स्वतःच्या नातवंडांची कत्तल दुसऱ्याच्या तोंडून ऐकत. पुढे तीच कथा सौती नैमिषारण्यात शौनकाला सांगतो. सांगणाऱ्याच्या आत सांगणारा, आणि कर्ता श्रोत्यांत! पवारांना हे सुचलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही आणि त्यानं फरकही पडत नाही.

एकदा हे डोक्यात बसलं की इतर पुस्तकांतही दिसू लागतं. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहून काढली. सांगतो श्याम, आश्रमातल्या मित्रांना, एकेका रात्री. पण ‘श्याम म्हणाला’ हे कोण लिहितंय? त्या ऐकणाऱ्यांत बसलेलं कुणीतरी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला राजाराम मास्तर ‘मी’ म्हणून सांगतो खरा, पण त्याला स्वतःची गोष्टच जवळपास नाही. कारभारी, आनंदा रामोशी यांचं ऐकायचं, त्यांची पत्रं लिहायची, तालीम बांधून घ्यायची, औंधचा राजा आला की त्याच्याशी बोलायचं, आणि दुष्काळानं वाडी उठली की उठून जायचं. तिथे ‘मी’ हाच ऐकणारा आहे, म्हणून माडगूळकर त्याच्यात सहज मावले.

आता त्या प्रश्नाची काळी बाजू. ‘हे तुमचंच ना?’ पुरुषाला विचारलं तर कौतुक असतं. बाईला विचारलं की ती चौकशी होते. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावानं आला. शिकलेल्या, लग्न न झालेल्या किंवा लग्नात फसलेल्या मुलींच्या मनातलं त्यात होतं. गदारोळ उठला. पुस्तकात काय आहे यापेक्षा ही बाई आहे कोण, यावरच सारा महाराष्ट्र तुटून पडला. कुणी म्हणालं, हा पुरुषच असणार. बाळूताई खरे, नंतरच्या मालती बेडेकर, यांना टोपणनाव का घ्यावं लागलं, याचं उत्तर त्या गदारोळातच आहे. एकनाथांनी शेवटी नाव सांगून सोंग उतरवलं. इथे नावच सोंग करावं लागलं, कारण नाव सांगितलं असतं तर प्रत्येक कथेतली प्रत्येक मुलगी म्हणजे लेखिका ठरली असती आणि तिला शिक्षिका म्हणून वर्गात उभं राहणं कठीण झालं असतं.

गंमत बघा. पुढे त्यांनी ज्यांच्याशी लग्न केलं त्या विश्राम बेडेकरांनी 1939 साली ‘रणांगण’ लिहिली. युरोपातून परतणारं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळणारी ज्यू माणसं, हॅर्टा नावाची मुलगी, आणि ‘मी’ म्हणून बोलणारा चक्रधर विध्वंस. बेडेकर स्वतः त्या काळात परदेशातून बोटीनं परतलेले होते. कादंबरीवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि आत माणूस दुसऱ्या नावाचा ठेवला. तिनं आत खरं लिहून बाहेरचं नाव बदललं, त्यानं बाहेर नाव ठेवून आतलं बदललं. एकाच घरातले दोन इलाज. त्याला तिच्यासारखा त्रास झाला नाही, एवढं मात्र नक्की. समीक्षकांनी चक्रधरला लेखकाचा चेहरा मानलं तरी त्यात कुणाला चारित्र्याचा प्रश्न दिसला नाही.

म्हणून, मंडळी, लेखक आणि निवेदक वेगळे ही शिकवणी मला नुसती शास्त्राची बाब वाटत नाही. काहीजणींच्या पोटापाण्याचा आणि अब्रूचा तो आधार होता. मघाशी मी पंगतीतल्या माणसाची बाजू घेतली, ती इथपर्यंतच.

माझा हा ‘ऐकणारा लेखक’ प्रत्येक पुस्तकात सापडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. जिथे कथेत ऐकणारं पात्रच नाही तिथे काय? आपल्या विदर्भाचंच पुस्तक घेऊ, उद्धव शेळक्यांची ‘धग’, 1960. तिथे ‘मी’ नाही, दगडू-दया नाहीत, आश्रम नाही, चावडी नाही. कौतिक नावाची बाई आहे, शिंपीकाम करणारा नवरा महादेव आहे, पोरं आहेत आणि न संपणारं दारिद्र्य आहे. कौतिक कधी ‘ऐका, मी सांगते’ असं म्हणत नाही. तिला सांगायला सवडच नाही. ती निंदणात असते, दळणात असते, कुणाच्या तरी दारात हात पसरावा का या विचारात असते. निवेदन प्रमाण मराठीत चालतं आणि ही माणसं तोंड उघडतात ती वऱ्हाडीत. पुण्या-मुंबईच्या काही वाचकांना ही वऱ्हाडी अवघड गेली. आपल्याला गेली नाही, कारण तिथला राग, तिथली लाचारी, पोराला घातलेली हाक, यांतला सूर इथल्या ओसरीवर ऐकू येतो. सूर कुठे वर जातो, कुठे शब्द अर्धाच राहतो, हे कानानं धरल्याशिवाय कागदावर येत नाही. शेळके त्या घरात होते की नव्हते, असा दाखला मागायची मला गरज वाटत नाही. कौतिक महादेववर खेकसते तेव्हा ते ऐकू येईल इतक्या अंतरावर कुणीतरी होतं, आणि त्यानं तिला मध्येच थांबवलं नाही.